कॅसिओ एसए-४६: पेटीच्या हाताला बसणारा कीबोर्ड

पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, कॅसिओ एसए-४६ मधून आवाज तेवढाच निघतो. या छोट्या कीबोर्डबद्दल सगळ्यात आधी ऐकू येणारी तक्रार हीच: "याला टच नाही." पियानो शिकू पाहणाऱ्या मुलासाठी ती रास्तच आहे. पण आपल्याकडच्या पेटीला तरी टच कुठे आहे? पट्टीवर बोट कसंही पडो, सूर किती मोठा लागणार ते भाता ठरवतो. संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असायचा त्याचंही तेच. म्हणून हा कीबोर्ड मी पियानोच्या तागडीत घालणार नाही. माझ्याकडे पायांनी भाता मारायचा एक जुना ऑर्गन आहे, त्याच्या शेजारी ठेवून घरच्या घरी वाद्यसंगीत मुद्रित करायला मी हा वापरते. त्या कामाला तो कसा आहे, एवढंच इथे लिहिते आहे.

मी ठाण्याला चरईत राहते आणि शाळेत संगीत शिकवते. संध्याकाळी घरी पेटीचे विद्यार्थी येतात. ते गेले, जेवणं आटोपली की माझं स्वतःचं काम सुरू होतं: शब्दांशिवायच्या, दोन-तीन मिनिटांच्या रचना. त्यातली एखादी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकलीला लागते, एखादी मैत्रिणीच्या नृत्यवर्गाला. बाकीच्या मी केवळ त्या ऐकाव्याशा वाटतात म्हणून करते. सामान फार नाही. ऑर्गन, हा कीबोर्ड, दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा नाहीतर केबलचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), एक जुना लॅपटॉप आणि फुकट मिळणारं ऑडॅसिटी हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर.

एसए-४६ ला ३२ बारीक पट्ट्या आहेत, म्हणजे अडीच सप्तकांहून किंचित जास्त. १०० आवाज, ५० ताल. एका वेळी जास्तीत जास्त ८ सूर वाजतात. सहा पेन्सिल सेलवर चालतो, अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. हेडफोनचं एक छोटं भोक आहे. यूएसबी नाही, मिडी (संगणकाशी किंवा दुसऱ्या वाद्याशी जोडायची सोय) नाही, पेडल जोडायची सोय नाही. वजन किलोच्या आसपास. मला तो तीन हजारांच्या घरात मिळाला.

स्टेशनजवळच्या ज्या दुकानात मी गेले होते तिथल्या मुलानं तो फळीवरून काढतानाच सांगितलं, "ताई, हा लहान मुलांचा आहे. तुम्ही शिकवता ना, मग एकसष्ट पट्ट्यांचा बघा." त्यानं दाखवलेला मोठा कीबोर्डही चांगला होता. पण एसए-४६ वर पियानो आणि ऑर्गन यांच्यासाठी एक थेट बटण आहे. मी ते ऑर्गनवर नेलं, सा आणि पंचम धरले आणि बोटं तशीच ठेवली. सूर विरला नाही, डळमळला नाही. तानपुऱ्यावर कान घडलेल्या माणसाला वाद्याकडून आधी एवढंच हवं असतं. "हाच द्या," म्हटलं.

आवाजांविषयी माझं मत स्पष्ट आहे. शंभरांतले बरेचसे मी पुन्हा लावून पाहिलेले नाहीत. तंतुवाद्यांचा भरलेला आवाज खाली अंथरायला बरा पडतो, बासरी वरच्या सप्तकात थोडीशी चालते. पियानो मी वापरत नाही, कारण तिथे टच नसणं खरंच जाणवतं. प्रत्येक सूर सारख्याच जोरानं पडतो आणि गत टंकलेखनासारखी ऐकू येते. ऑर्गनमध्ये मात्र जीव आहे. कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरवर तो बारीक, जरासा नाकातला लागतो. हेडफोनच्या भोकातून केबल काढून ऐकला की खालचे सूर भरून येतात. एवढ्याशा स्पीकरांना खर्ज पेलत नाही, पण तो आत असतो. दुकानात हेडफोन घेऊन जा असं मी आवर्जून सांगते ते यासाठी.

टच नसलेल्या वाद्यात भाव आणायचा कसा, हे पेटीवाल्यांना मुळात माहीत असतं, फक्त भाता काढून घेतला की ते गोंधळतात. ऑर्गनवाल्यांनी त्याची उत्तरं फार पूर्वी शोधली आहेत. सूर मोठा करता येत नसेल तर त्याच्या आधी केसभर जागा सोडायची. त्या जागेमुळे पुढचा सूर ठसतो, कानाला तो मोठाच वाटतो. समेवर वजन हवं तर समेच्या आधीचा सूर थोडा लवकर सोडा. उलट ओळ वाहती हवी असेल तर पहिलं बोट उचलायच्या आत दुसरं बसलं पाहिजे, मध्ये फट दिसता कामा नये. बोट कधी पडतं याकडे सगळे लक्ष देतात, पण या वाद्यात बोट कधी उठतं त्यावर सगळं आहे. चढत जाणारा भाग असेल तर मी सूर वाढवते: आधी नुसता षड्ज, मग त्यावर पंचम, मग वरचा षड्ज, मग गंधार. आवाजाची खुंटी जागेवरच असते आणि तरी खोली भरत जाते.

आठ सुरांची मर्यादा इथे सांभाळावी लागते. दोन्ही हातांनी जाड सुरावट धरली आणि त्यात ताल चालू असला तर आधी धरलेला एखादा सूर गुपचूप गळतो. म्हणून मी सगळं एकदम वाजवत नाही. आधार एका ट्रॅकवर, मधली सुरावट दुसऱ्यावर, चाल तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी तीन-चार सुरांच्या वर जायचं कारणच पडत नाही, आणि प्रत्येक ओळ वेगळी असल्यानं तिचा चढ-उतार नंतर हातात राहतो. ऑडॅसिटीत एन्व्हलप टूल आहे, त्यानं लहरीच्या कडेला बिंदू टाकून आवाज ओढता किंवा दाबता येतो. तोच या कीबोर्डचा भाता. मी ओळ डोळ्यांसमोर ठेवते, जिथे पेटीवर मी भाता दाबला असता तिथे बिंदू वर नेते, जिथे हात सैल सोडला असता तिथे खाली आणते. वेळ जातो, पण माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम दाखवते. भाता नुसता हवा भरण्यासाठी नसतो, हे त्यांना तेव्हा पटतं.

एवढ्या स्वस्त कीबोर्डवर गंभीर काम होतं का, असं पालक विचारतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. कॅसिओ ही मुळात गणकयंत्रं करणारी कंपनी. तिचं पहिलं वाद्य, कॅसिओटोन २०१, १९८० मध्ये आलं. पुढच्याच वर्षी एमटी-४० नावाचा लहान कीबोर्ड निघाला. त्यातले साथीचे नमुने हिरोको ओकुडा या नुकत्याच कंपनीत आलेल्या, संगीत शिकलेल्या तरुणीनं बसवले होते. त्यातल्या 'रॉक' नावाच्या नमुन्यावर १९८५ मध्ये जमैकात एक गाणं तयार झालं, आणि तिथल्या रेगे संगीतानं यंत्रावरच्या तालाची वाट धरली ती तिथून. घरगुती वापरासाठी केलेल्या कीबोर्डमधलं एक बटण होतं ते.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन कोणाला आठवत नाही? ती गारुड्याची पुंगी नव्हती. क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं, एका वेळी एकच सूर देणारं छोटं वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केलं होतं. ते कल्याणजींनी वाजवलं आणि त्याच्या जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. विजेचा सूर आणि हवेचा सूर एकावर एक ठेवला की दोन्हींत नसलेला तिसरा आवाज तयार होतो. माझ्या सगळ्या खटाटोपाचं मूळ या जोडीत आहे.

माझा हवेचा सूर म्हणजे तो ऑर्गन. मिटवून पेटीसारखा उचलता येणारा, चार सप्तकांचा, खाली दोन पायटे असलेला. आमच्या भागातली एक जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तिच्या तळमजल्यावर एका हौशी नाट्यमंडळाचं सामान पडून होतं. पडदे, मुकुट, लाकडी तलवारी लोकांनी नेल्या. ऑर्गन कोणालाच नको होता. नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली, भात्याचं कापड भेगाळलेलं, अर्ध्या पट्ट्या मुक्या.

पेटी आणि हा ऑर्गन, दोघांतही पितळी सूरच (ज्यांना इंग्रजीत रीड म्हणतात त्या पत्त्या) कंप पावतात, पण हवा उलट्या दिशेनं जाते. पेटीत भाता हवा दाबून सुरांतून बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता आतली हवा उपसतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. त्यामुळे सूर उठतो तो मऊपणे उठतो, पेटीसारखा समोरून अंगावर येत नाही. गायक नटाच्या आवाजाखाली गोडवा भरायला लोकांनी हे वाद्य का निवडलं असेल ते एकदा ऐकल्यावर कळतं. पंडित गोविंदराव पटवर्धनांची नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार? गाणाऱ्याच्या मागे राहूनही प्रत्येक जागा भरलेली असते.

दुरुस्ती एका वयस्कर पेटी-कारागिरानं केली. त्या काकांचं नाव इथे देत नाही, त्यांच्याकडे आधीच कामं तुंबलेली असतात. त्यांनी भात्याला नवं कापड चढवलं, पट्ट्यांखालची नमदा बदलली आणि एकेक सूर आकड्यानं बाहेर काढून मऊ ब्रशनं झाडला. मुके वाटलेले बहुतेक सूर नुसत्या धुळीनं अडले होते. "पितळ मरत नाही हो," ते म्हणाले, "त्याला फक्त हलायला जागा द्यायची." सूर कानस लावून ४४० ला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या आजच्या प्रमाण पट्टीला, आणून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

कारण माझ्या ऑर्गनचा 'ए', म्हणजे ज्यावरून वाद्यं लावतात तो पाश्चात्त्य स्वर, ४३५ च्या आसपास बोलतो. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ हे माप कायद्यानं ठरवलं होतं, अमेरिकेतल्या पियानो बनवणाऱ्यांनी १८९१ मध्ये तेच घेतलं. ४४० वर जगाचं एकमत व्हायला १९३९ साल उजाडलं. म्हणजे हा ऑर्गन बेसूर नाही, तो त्याच्या काळाच्या पट्टीत आहे. शंभर वर्षं एका जागी स्थिरावलेल्या सुरांना कानस लावणं माझ्या जिवावर आलं.

पण एसए-४६ आजच्या पट्टीत आहे. दोघांचा 'ए' एकत्र धरला तर सेकंदाला पाच आंदोलनं ऐकू येतात, म्हणजे सूर तेवढ्या वेळा लहान-मोठा होतो; एखादी ओळ सोसते, पूर्ण रचना सोसत नाही. उपाय सोपा निघाला. आधी कीबोर्डचे ट्रॅक मुद्रित करायचे, मग ऑडॅसिटीतल्या 'चेंज स्पीड'मध्ये (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') गुणक ०.९८९ टाकायचा. सूर आणि लय दोन्ही एका टक्क्याहून थोडी अधिक उतरतात: ४४० चा ४३५ होतो, मिनिटाला ९६ मात्रांची लय ९५ वर येते. एवढा फरक लयीत कोणाला जाणवत नाही. नंतर त्यावर ऑर्गन वाजवायचा. 'चेंज पिच'नंही हे होतं, पण त्यात धरलेल्या सुरांवर एक प्रकारची कुरकुर चढते. वेग बदलून उतरवलेला सूर स्वच्छ राहतो, शिवाय तो किंचित जाड होतो, आणि एसए-४६ च्या बारीक ऑर्गनला ते मानवतं.

यातच एक सुंदर गोष्ट हाती लागली. गुणक ०.९८९ ऐवजी ०.९९१ ठेवला तर कीबोर्ड ४३६ वर थांबतो आणि ऑर्गनशी त्याचं सेकंदाला साधारण एक आंदोलन पडतं. सूर श्वास घेतल्यासारखा हलतो. जुन्या ऑर्गनवर 'सेलेस्ट' नावाची खुंटी असते, ती हेच करते, मुद्दाम किंचित वेगळे लावलेले सूर जोडीनं वाजवते. माझ्या ऑर्गनला ती खुंटी नाही. आता कीबोर्डमुळे आहे. संथ रचनांना मी हाच गुणक वापरते, द्रुत असेल तर ०.९८९.

ऑर्गनचं मुद्रण कीबोर्डपेक्षा कितीतरी कष्टाचं. पायट्यांचा खडखडाट, भात्याची हवा, लाकडाची करकर, सगळं माइकमध्ये येतं. पुढून माइक लावला तर पट्ट्यांची टकटक जास्त येते. मी तो मागच्या बाजूला, हातभर अंतरावर आणि सुरांच्या उंचीला ठेवते. पायट्यांखाली सतरंजीची दुहेरी घडी. पंखा बंद. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून दोन्ही पायांनी भाता मारणं सोपं नाही, पण पंख्याची घरघर एकदा आत गेली की नंतर काढता येत नाही. यंत्रानं काढली तर ऑर्गनची हवाही तिच्याबरोबर जाते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तेव्हा मी ऑर्गनला हात न लावता कीबोर्डचेच ट्रॅक करून ठेवते आणि दसऱ्यानंतर वर ऑर्गन चढवते. रात्री अकरानंतर रस्ता शांत होतो. तलावपाळीकडची गर्दी ओसरते, रिक्षा विरळ होतात. लांबून येणारी लोकल मी राहू देते.

कीबोर्डसाठी दोन-तीन व्यवहाराच्या सूचना. मुद्रण करताना सेलवर चालवा. अ‍ॅडॅप्टर आणि लॅपटॉप दोन्ही भिंतीतल्या विजेवर असले की बारीक गुणगुण येण्याचा धोका असतो. सेलवर असताना काही मिनिटं हात लावला नाही तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा चालू केला की पियानोवर उघडतो. म्हणून दोन ट्रॅकांच्या मध्ये फार वेळ ऐकत बसणार असाल तर आवाजाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. कीबोर्डचा आवाज पूर्ण उघडू नका, पाऊण ठेवा आणि बाकीचं इंटरफेसवर वाढवा. हेडफोनच्या भोकात छोटी स्टिरिओ पिन लागते, दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना असलेली केबल घ्या. साधी मोनो केबल घुसवू नका.

केबलनं थेट घेतलेला आवाज स्वच्छ असतो, पण त्याला जागा नसते. ऑर्गन आमच्या खोलीत वाजलेला असतो आणि कीबोर्ड कुठेच वाजलेला नसतो. दोघांना शेजारी बसवलं की कान लगेच ओळखतो. त्यासाठी मी कीबोर्डचा ट्रॅक एका बऱ्यापैकी स्पीकरवर पुन्हा वाजवते आणि माइकनं पुन्हा मुद्रित करते. आमचा जिना जुना आहे, दगडी पायऱ्यांचा, उंच छताचा. स्पीकर पहिल्या मजल्यावर, माइक दुसऱ्यावर. जिन्यात दोन-अडीच सेकंद रेंगाळणारी आस आहे, ती कुठल्याही इफेक्टमध्ये मला मिळालेली नाही. शेजारच्या काकूंना आधी विचारते. त्या दार किलकिलं ठेवून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, "कालचं ते संथ होतं ना, ते पुन्हा लाव."

स्पीकर समोर असताना आणखी एक प्रयोग करून पाहा. अमेरिकेत डॉन लेस्ली यांनी ऑर्गनसाठी फिरता स्पीकर केला होता. आवाजाचा उगमच फिरत राहिला की सूर जवळ येतो, लांब जातो, आणि त्याबरोबर त्याची उंचीही सूक्ष्म हलते. पायांच्या जुन्या ऑर्गनमध्ये 'व्हॉक्स ह्युमाना' ही खुंटी यासारखंच काम हवेवर करायची, सुरांच्या तोंडाशी पुठ्ठ्याचं एक पातं फिरायचं. घरी तसं काही नाही. माझा भाचा स्पीकरपुढे जाड पुठ्ठा हातानं संथ हलवतो आणि मी माइक धरते. टेबल पंख्यानं हवेचा आवाज येतो, पुठ्ठ्यानं येत नाही. त्याचा हात यंत्रासारखा एकसारखा चालत नाही. ओळ चढली की तो नकळत जलद हलवतो, आणि मला तेच हवं असतं.

तालांविषयी थोडक्यात. ५० ताल आहेत, मी त्यातला एखादाच लावून त्याच्यावर पहिला ट्रॅक वाजवते आणि लय पक्की बसली की कीबोर्ड ताल न लावता पुन्हा मुद्रित करते. अंतिम रचनेत ठेका हवा असेल तर ऑर्गनच्या झाकणावर बोटांनी वाजवते. ते लाकूड फार गोड बोलतं.

बारीक पट्ट्यांचं काय, हे विचाराल. मोठ्या हाताच्या माणसाला अडचण होईल, हे खरं. पेटीवर जलद तानांची सवय असलेली बोटं इथे एकमेकांवर चढतात. मी तानेच्या जागा ऑर्गनवर घेते आणि कीबोर्डवर लांब सूर ठेवते. दोन्ही वाद्यांची कामं त्यामुळे आपोआप वाटली गेली. बारीक पट्ट्यांचा एक फायदाही आहे: माझ्या हातात एक सप्तक पेटीवर जेमतेम बसतं, इथे त्याच्या वरचा गंधारही पोचतो. खालचा षड्ज आणि वरच्या सप्तकातला गंधार एका हातात धरता येणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती, आणि त्यातून काही रचना सुचल्या ज्या पेटीवर सुचल्याच नसत्या. मींड नाही, सुरांच्या मधली जागा नाही. ती तर पेटीतही नाही, आणि त्याच कारणासाठी आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बाहेर ठेवलं होतं. ज्याला मींड हवी त्यानं व्हायोलिनवाल्या मित्राला बोलवावं.

आता मोठ्या कीबोर्डशी तुलना. त्याच कंपनीचा सीटी-एस२०० पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्यांचा आहे, त्यात ४०० आवाज आहेत आणि यूएसबी आहे. टच त्यालाही नाही. टच हवा असेल तर सीटी-एस३०० घ्यावा लागतो. तुमच्याकडे एकच वाद्य असणार असेल, मुलं शिकणार असतील, गाण्यांना साथ करायची असेल तर तिकडेच जा, एसए-४६ वर पैसे घालू नका. पण घरात आधीच पेटी आहे, पायपेटी आहे, आजोबांचा ऑर्गन माळ्यावर आहे, आणि त्याच्या जोडीला विजेचा एक स्थिर सूर हवा आहे, तर हा पुरतो. तो मांडीवर राहतो, ऑर्गनच्या झाकणावर राहतो, पिशवीतून नेता येतो. मी तो घेऊन वाशीला बहिणीकडे गेले होते. तिच्याकडे वडिलांची पेटी आहे. आम्ही दोघींनी एक रचना तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कीबोर्ड ठेवून मुद्रित केली, कारण तिच्या घरात सगळ्यात कमी घुमणारी खोली ती होती.

घ्यायला जाल तेव्हा हेडफोन न्या, सेल न्या. ऑर्गनवर एक सूर धरून मनात वीसपर्यंत मोजा, तो तुटतो का ऐका. मग तीच पट्टी सोडा आणि आवाज कसा थांबतो ते ऐका, कारण तुमचं निम्मं वादन त्या थांबण्यात असणार आहे. सगळ्या ३२ पट्ट्या एकेक करून दाबा, एखादी खाली राहते का पाहा. हेडफोनची पिन हलवून खरखर होते का तपासा. शेवटी आवाज सर्वांत कमी करून पाठीमागची सूं किती आहे ते ऐका. दुकानदार घाई करेल. करू द्या, तुमचं ऐकून होईपर्यंत तिथून हलू नका.